मापातलं पाणी

खुर्चीत बसण्याआधी तो तिची पाठ धरून तिला हलवून बघायचा. मग समोरच्याकडे वळून अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "ही मना घेल कं?" खुर्ची लाकडी असली तर सावकाश टेकायचा. प्लास्टिकची असली तर उत्तराची वाट न बघता भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. लग्नाच्या मांडवात तो कायम उभाच दिसायचा आणि नवख्या पाहुण्यांना वाटायचं, मुलीकडचा कोणीतरी जवळचा असणार, किती राबतोय बिचारा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या देहावर सगळ्यांचे विनोद करून झालेले असतात आणि त्यातले सर्वांत चांगले विनोद त्याचे स्वतःचे असतात. लोकांनी करायच्या आत आपणच करून मोकळं व्हायचं, म्हणजे कमी लागतं. हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला मी नुसती हसायची.

न्हावा शेव्याच्या रस्त्याला एका कंटेनर यार्डात आम्ही एकत्र कामाला होतो. मी ऑफिसात कागदपत्रं बघायची, तो गेटजवळच्या वजनकाट्यावर. ट्रेलर आत येताना काट्यावर चढतो, बाहेर जाताना पुन्हा चढतो, आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेला माणूस पावती फाडतो. तो माणूस म्हणजे हा. सगळं यार्ड त्याला भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणते. तो मला मॅडम म्हणायचा. ताई म्हणा, असं मी एकदा सुचवलं, तर मान हलवून म्हणाला, "बहीन मना एक हाय, तीच पुरून उरते."

ड्रायव्हर लोक त्याला छळायचे. भाऊ, जरा केबिनमधून खाली उतरा, आमच्या गाडीचं वजन जास्त दाखवतंय, वगैरे. एकदा कोणीतरी पैज लावली. घरगुती काट्याची सुई त्याच्यापुढे केव्हाच हात टेकून बसली होती, म्हणून हा सरळ ट्रेलरच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. त्या काट्याला बारीकसारीक वजन कळत नाही, त्यामुळे आकडा खालीवर होत राहिला. भाऊने त्याची रीतसर पावती काढली, मालाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं आणि ती केबिनच्या काचेला चिकटवली. साहेबांनी काढायला लावेपर्यंत ती तिथेच होती.

त्याच्या डब्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तांदळाच्या भाकऱ्या, वर कालवण, एका पुडात तळलेले बोंबील, एकात भात, आणि कागदात बांधलेलं काहीतरी गोड. दुपारी तो डबा उघडला की आमच्या भाजीपोळीला तोंड लपवावंसं वाटायचं. हा डबा त्याची बहीण करायची. त्याच्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी. तो तिला बाय म्हणायचा, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात.

आई गेली तेव्हा भाऊ अगदी लहान होता. रात्री रडत उठायचा. तो आईसाठी रडायचा, पण बायचंही वय काही मोठं नव्हतं, तिला वाटायचं याला भूक लागली. ती उठून त्याला काहीतरी भरवायची आणि तो गप्प व्हायचा. हे बायनेच मला हसत हसत सांगितलं होतं. पुढे तिला करंजा गावी दिली. नवरा मासेमारीवर जायचा, लवकर वारला, मूल झालेलं नव्हतं. ती माहेरी परत आली आणि पुन्हा भावाला भरवायला लागली. भाऊचं लग्न जमलं नाही. पोरीवाले आधी घर बघतात, मग मला बघतात, मग पुन्हा घर बघतात, असं तो सांगायचा. तेव्हा त्या घरात ही दोघंच.

पनवेलहून खाडीच्या बाजूला त्यांचं गाव. बापाचं मिठागर होतं, ते प्रकल्पात गेलं. घर मात्र ऐसपैस होतं, पुढे ओटी, मागे विहीर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बायने मला विचारलं नाही की जेवणार का. पान वाढूनच बाहेर आली. नको म्हणायची सोय त्या घरात नव्हती.

मग बायची किडनी गेली. साखर आणि रक्तदाब, दोन्ही कित्येक वर्षं अंगात मुरलेली. पाय सुजले, धाप लागायला लागली, तेव्हा कुठे तपासलं. पनवेलला डायलिसिस सुरू झालं. ठरलेल्या दिवशी भाऊ तिला सकाळी सोडायचा आणि धावत काट्यावर यायचा. तिचं पाणी बंद म्हणजे जवळजवळ बंदच. दिवसाचं पाणी एका लहान तांब्यात काढून ठेवायचं आणि रात्रीपर्यंत तेच पुरवायचं. मीठही बंद. "आख्खा जल्म मिठागरावं गेला," बाय म्हणाली, "आन आता मीठच नको बोलतात." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, तिला खरंच गंमत वाटत होती.

डॉक्टर म्हणाले, घरातलं कोणी किडनी देणारं आहे का. भाऊ दुसऱ्याच दिवशी तपासणीला हजर. रक्तगट जुळला. एवढा देह असून साखर नाही, रक्तदाब नाही, डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण वजन. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवाला धोक्याचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वजन उतरवा, मग बोलू. त्या दुपारी भाऊ माझ्या टेबलापाशी आला, खुर्ची न हलवता उभाच राहिला. "किडनी पास हाय मॅडम," तो म्हणाला, "पन पॅकिंग नापास झाला."

मी हसले, तोही हसला. 

त्याने काय काय केलं नाही. पहाटे पनवेलच्या वडाळे तलावाभोवती चालायला जायचा. भाकऱ्या कमी केल्या. कोणीतरी काढा दिला, कोणीतरी पट्टा दिला. थोडं वजन उतरायचं. मग एखाद्या दिवशी बायचं डायलिसिस नीट व्हायचं नाही, ती घरी येऊन गळून पडायची, आणि हा दारापुढच्या गाडीवर जाऊन वडापाव खात सुटायचा. दुसऱ्या दिवशी शरमेने माझ्याकडे बघायचा नाही. रडू आलं की खायचं, हे त्याला त्या लहानपणच्या रात्रींनी शिकवलं होतं. असं शिकलेलं चालून चालून जात नाही.

अखेर कोणीतरी पोटाच्या ऑपरेशनचं सांगितलं. नव्या मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनला भेटायला त्याने मला बरोबर नेलं. त्याचं म्हणणं असं की डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागला की माझी मुंडी आपोआप हलते, आणि नंतर कळतं की आपण कशाला तरी हो म्हटलं. सर्जनने कागदावर पोटाचं चित्र काढलं. एवढा भाग कापून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची, जेवण कायमचं वाटीभर. त्यातले धोके सांगितले, रक्तस्राव, टाके उसवणं, आणखी बरंच. मी एकेक मराठीत सांगत होते. भाऊने सगळं ऐकून एवढंच विचारलं की मग किडनी कधी देता येईल. वजन उतरून टिकलं पाहिजे, साधारण वर्ष धरून चला, डॉक्टर म्हणाले.

"तवर बाय राहील ना?"

डायलिसिस नीट चालू राहिलं, पथ्य पाळलं, तर माणसं कितीतरी वर्षं जगतात, डॉक्टर म्हणाले. भाऊने सही केली.

बायला हे पटवणं सर्जनला पटवण्यापेक्षा अवघड होतं. तिने जेवण सोडलं, बोलणं सोडलं. मी समजूत घालायला गेले तर ती विहिरीपाशी भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याचा पोट मी भरलाय मॅडम. आता माज्यासाठीच कापून घेतोय."  मी तिच्या शेजारी बसून भांडी विसळून दिली. शेवटी ती कबूल झाली, पण एका अटीवर. ऑपरेशनच्या आधी काही दिवस नुसतं पातळ घ्यायचं होतं. ते सुरू होण्याआधीच्या रविवारी तो तिच्या हातचं पोटभर जेवणार.

त्या रविवारी मलाही बोलावणं होतं. बायने खाडीतलं जिताडं मिळवलं होतं. कालवण, तळलेले तुकडे, वडे, कोळंबीचा भात. स्वतःसाठी तिने एका लहान पातेल्यात बिनमिठाचं वेगळं शिजवलं होतं आणि ते ती नंतर खाणार होती. ती समोर बसून पंख्याने वारा घालत होती आणि भाऊ जेवत होता. मी त्याला इतकं सावकाश जेवताना कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक घास तो तिच्याकडे बघून उचलायचा. पोट भरल्यावरही त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली. ती भाकरी त्याला नको होती हे मला दिसत होतं, बायलाही दिसत असणार, पण तिने ती आनंदाने वाढली.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा पलंग हलवून बघितला. नर्सला कळलं नाही, मला कळलं.

घरी आल्यावर मी त्याला बघायला गेले. ओटीवर भाऊ आणि बाय समोरासमोर बसली होती. भाऊच्या हातात औषधाचं लहानसं माप, त्यातून घोट घोट पाणी, तेही थांबून थांबून, नाहीतर छातीत कळ यायची. बायच्या शेजारी तिचा तो लहान तांब्या. एकाला जास्त पिता येत नाही म्हणून मापात, दुसरीला पिऊ द्यायचं नाही म्हणून मापात. दोघं एकमेकांचं माप बघत होती आणि हसत होती. तो एक घोट घ्यायचा, मग ती एक घोट घ्यायची. मलाही चहा विचारला, पण त्या दोघांसमोर मला भरलेला कप उचलवेना.

बायच्या हातांना मात्र फारसं काम उरलं नव्हतं. ती मुगाचं पाणी गाळायची, भाताची पेज गाळायची, दोन चमचे झाले की भाऊ हात वर करायचा. उरलेलं ओतून देताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आजवरच्या आयुष्यात तिने त्याच्या ताटातलं काही ओतून दिलं नव्हतं.

आता शहाळ्यांचं सांगते. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि पातळच घ्यायचं असं कळलं की एकच गोष्ट सुचते. करंज्याचे सासरचे लोक आले ते शहाळी घेऊन. गावातले आले, यार्डातले ड्रायव्हर आले, सगळे शहाळी घेऊन. ओटीच्या कोपऱ्यात हिरवा ढीग लागला. भाऊला शहाळं चालत होतं, सर्जननेच सांगितलं होतं. पण त्याला जाणार किती, दोन घोट. एक शहाळं फोडलं की बाकीचं उरायचं. आणि त्या घरात काही फेकायची पद्धत नव्हती.

उन्हाळ्याचे दिवस होते. बायची जीभ कोरडी पडायची, ती ओला फडका ओठांवरून फिरवायची. भाऊच्या मनात आलं, नाहीतरी तिला मापाचं पाणी प्यायचंच आहे, तर साध्या पाण्याऐवजी शहाळ्याचं का देऊ नये. शहाळं थंड, लघवी साफ करणारं, किडनीला चांगलं, हे आपल्या या किनाऱ्यावर कोणीही सांगेल. मलाही तसंच वाटत होतं. त्याने मापात कधी चूक केली नाही. जेवढं शहाळं द्यायचं तेवढं साधं पाणी तांब्यातून आधी काढून टाकायचं, थेंब जास्त होऊ द्यायचा नाही. एवढं जपून तो ते करायचा.

मी एकदा बघितलं. भाऊ पोटावर हात धरून, वाकून चालत कोपऱ्यातून शहाळं घेऊन आला, तांब्यात ओतलं आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. "घे बाय, किडनीला थंड असता," तो म्हणाला. बाय क्षणभर थांबली. मग तिने डोळे मिटून घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "याला मीच भरवला इतकी वर्सं. आता याची पाली."

तिचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा बघितला नाही. घरी जाऊन मी माझ्या नवऱ्यालाही कौतुकाने सांगितलं.

त्यानंतर एका सकाळी बाय उठली तर पायांत बळच नव्हतं. हात जड झाले होते. ती डायलिसिसचीच सकाळ होती, म्हणून भाऊला वाटलं, पोचलो की बरं वाटेल. त्याने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. सेंटरला पोचेपर्यंत तिची बोबडी वळली होती. तिथून शेजारच्या हॉस्पिटलात नेली. माझा फोन वाजला आणि मी रजा न टाकताच निघाले. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. ऑपरेशनच्या वेळचा सदरा त्याला आधीच ढगळ झाला होता. डॉक्टर तरुण होता. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं होतं, त्याने हृदय थांबलं, असं तो सांगत होता. मग त्याने विचारलं की गेल्या काही दिवसांत काय खाल्लंप्यायलं. भाऊने खरं ते सांगितलं. बिनमिठाचा भात, थोडी भाजी, मापाचं पाणी, आणि त्या मापातच शहाळ्याचं पाणी, रोज. मीच देत होतो, असंही सांगितलं. ते सांगताना त्याच्या आवाजात अजून अभिमान होता, की आम्ही माप कधी मोडलं नाही.

डॉक्टरने लिहिणं थांबवलं. मग मागे उभ्या असलेल्या नर्सकडे वळून तो हळू आवाजात इंग्रजीत काही बोलला. मला सगळं ऐकू आलं आणि समजलं. किडनी गेलेल्या माणसाच्या अंगातून शहाळ्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते साठत जातं. या लोकांना सांगितलेलं असतं, तरी दर उन्हाळ्यात एखादा असा येतो, असं तो म्हणत होता.

"डॉक्टर काय बोलला विंग्रजीत?" भाऊने मला विचारलं.

आजवर त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं नाही असं झालं नव्हतं. मी म्हटलं, आजार फार वाढला होता, कोणाच्या हातात काही नव्हतं, असं म्हणाले. भाऊने मुंडी हलवली.

पुढे मी सेंटरला जाऊन आले. माझ्याच्याने राहवलं नाही. तिथल्या मुलाने सांगितलं की पहिल्याच आठवड्यात बायला सगळं समजावलं होतं. फळं नको, सुकं खोबरं नको, शहाळं तर मुळीच नको. ती हो म्हणाली होती आणि वर्षभर तिने ते पाळलंही होतं. ती विसरली असेल का? मला नाही वाटत. तांब्या तोंडाशी आल्यावर ती थांबली होती, ते मी बघितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा भाऊ तिला भरवत होता. तिला नको म्हणता आलं नाही, एवढंच मी समजते. हे मी भाऊला कधी सांगितलं नाही.

दहाव्याला, तेराव्याला माणसं जमली. पानं वाढली गेली. भाऊच्या पानात भात तसाच राहायचा. दोन घासांच्या वर त्याला जातच नव्हतं, पण बायका डोळे पुसत म्हणायच्या, बघा, बहिणीच्या दुःखाने अन्न सोडलंय. मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटली. आयुष्यभर दुःख आलं की तो खायचा, आणि आता आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख आलं तेव्हा पोटात जागा ठेवली नव्हती.

तो कामावर आला. महिन्यामहिन्याने तो उतरत गेला. गालांखालून हाडं वर आली, मान दिसायला लागली, कोणालाच ठाऊक नसलेला एक उंच, नीटस माणूस आतून बाहेर आला. बाहेरगावचे ड्रायव्हर काट्यावर गाडी चढवून केबिनमध्ये बघायचे आणि ओरडायचे, अरे वा भाऊ, काय बारीक झालात, आम्हालाही गुपित सांगा. तो पावती फाडून त्यांच्या हातात द्यायचा. त्याने विनोद करणं बंद केलं होतं. करायला आता काही उरलंही नव्हतं, कुठलीही खुर्ची त्याला घेत होती.

वर्ष होत आलं तेव्हा सर्जनकडची तपासणी आली. मी बरोबर गेले. भाऊ काट्यावर उभा राहिला, सर्जनने आकडा बघून त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्याकडे खूप पेशंट असतात, त्याला कोणी कळवलेलं नव्हतं. आता तुम्ही अगदी फिट आहात, तो मराठीतच म्हणाला, आता खुशाल द्या बहिणीला किडनी.

मी बोलायला तोंड उघडलं, पण भाऊने हातानेच मला थांबवलं. ती गेली, असं त्याने सांगितलं. सर्जन खुर्चीत मागे टेकला. चांगला माणूस होता, त्याने हातातला कागद बाजूला ठेवला. मग भाऊने विचारलं की दुसऱ्या कोणाला देता येईल का. सेंटरमध्ये किती माणसं रांगेत असतात, बायच्या शेजारच्या पलंगावर एक शाळा शिकणारी पोरगी यायची, तिला दिली तर. सर्जनने सांगितलं की कायद्यात ते बसत नाही, जवळच्या नात्यातच देता येते, परक्याला अशी देऊ देत नाहीत.

भाऊने कमरेच्या वर, पाठीशी, हात ठेवला. जिथून ती काढणार होते तिथे.

"मंग आता हिचा काय करू मी?"

  बाहेरून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊने यार्ड सोडलं. कोणाला काही न सांगता, किल्ली गेटवर ठेवून. काट्यावर आता दुसरा मुलगा बसतो, भराभर काम करतो. मी गावी जाऊन आले, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, घरात नसतो तो, सकाळीच पनवेलला जातो.

मागच्या उन्हाळ्यात मी काही कामाने पनवेलला गेले होते. डायलिसिस सेंटरच्या रस्त्याला गाड्या अडकल्या आणि माझी रिक्षा नेमकी गेटसमोर थांबली. गेटच्या बाजूला शहाळ्यांची गाडी असते. तिच्यापाशी भाऊ उभा होता. आधी ओळखलाच नाही. गाडीवाला त्याच्यावर वैतागलेला होता, माझा धंदा का बसवतोस असं काहीतरी बोलत होता, पण त्यात रोजची सवय ऐकू येत होती. भाऊचं तिकडे लक्ष नव्हतं. शहाळं घेणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता, कोणासाठी नेताय.

एक कॉलेजातली वाटावी अशी मुलगी होती. तिने फोडलेलं शहाळं हातात घेतलं होतं, वर नळी खोचलेली. बाबांसाठी, ती म्हणाली, आत डायलिसिसला आहेत.

"नको नेव पोरी," भाऊ म्हणाला. "डायलिसिसवाल्याला शहाला चालत नाय. मी दिला व्हता माज्या बायला. रोज. माज्या हातानं."

काट्याच्या पावतीवर मालाचं नाव तो वर्षानुवर्षं इंग्रजीतच टाकत होता. कोकोनट हा शब्द त्याला कळणार नाही, असं मला त्या दिवशी हॉस्पिटलात का वाटलं, कोण जाणे. तो तेव्हाच समजला होता. माझ्या समाधानासाठी त्याने मुंडी हलवली होती, आणि वर्षभर मला माझं खोटं सांभाळू दिलं होतं.

मला रिक्षातून उतरता आलं नाही. मुलीने शहाळं गाडीवर परत ठेवलं आणि ती तशीच गेटमधून आत गेली. भाऊ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, कोणासाठी नेताय म्हणून विचारायला.